मनोऱ्याच्या टप्प्यातली माणसं

मुंबई दूरदर्शनचा विषय निघाला की पाच मिनिटांत नावांच्या भेंड्या सुरू होतात. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'ज्ञानदीप', 'छायागीत', 'किलबिल'. मग कुणीतरी 'त्याची सर आताच्या वाहिन्यांना नाही' म्हणतं, सगळे माना डोलावतात आणि चहा येतो. या गप्पांत मीही हिरिरीने असते. पण ते कार्यक्रम तसे का झाले, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: तेव्हाची माणसंच मोठी होती. होती ना. पण मोठी माणसं त्याआधीही होती आणि नंतरही झाली. मला विचाराल तर निम्मं श्रेय वरळीच्या दूरदर्शन केंद्राच्या त्या लोखंडी प्रक्षेपण-मनोऱ्याला आणि तिथल्या अडचणींना द्यायला हवं.

मनोरा साधारण 300 मीटर उंच. आता वरळी-परळ भागात त्याच्या उंचीला भिडणाऱ्या इमारती उभ्या राहिल्यामुळे तो पटकन नजरेत भरत नाही, पण एके काळी दादरच्या पुलावरून, वांद्र्याच्या किनाऱ्यावरून, अगदी बोटीतूनही तो दिसायचा. आणि तो दिसणं याला अर्थ होता. त्या काळचं प्रक्षेपण ढोबळमानाने नजरेसारखं सरळ रेषेत चालायचं. आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीला बिलगून, डोंगर वळसा घालून लांब जातात. टीव्हीच्या लहरींना ते जमत नाही. पृथ्वीचा गोलावा आडवा येतो. तेवढ्या उंचीवरून निघालेला सिग्नल सपाट मुलखात सत्तर-ऐंशी किलोमीटरपर्यंत नीट पोचतो, पुढे मुंग्या. म्हणजे केंद्र कुणाचं, हे सरकारी आदेशाआधी भूमितीने ठरवलेलं होतं. मुंबई, ठाणे, आणि खाडीपलीकडचा आमचा कुलाबा जिल्हा, ज्याला पुढे रायगड म्हणायला लागले. मधे सह्याद्री उभा, त्यामुळे पुण्याला चित्र द्यायचं तर सिंहगडावर वेगळं सहक्षेपण केंद्र, म्हणजे मुंबईचं चित्र घेऊन पुढे पाठवणारं केंद्र, उभारावं लागलं. तानाजीच्या गडावर टीव्हीचा मनोरा पाहून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांना माझा एवढाच सवाल असतो, की पुणेकरांनी मग 'छायागीत' कुठून पाहिलं असतं?

भारतात टीव्ही आला दिल्लीत, 15 सप्टेंबर 1959 रोजी, तोही प्रयोग म्हणून. दुसऱ्या शहराला तो मिळायला तेरा वर्षं लागली. मुंबई केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, गांधीजयंतीच्या दिवशी. तेव्हा दूरदर्शन हे वेगळं खातंही नव्हतं. टीव्ही म्हणजे आकाशवाणीचाच एक हात. ती फारकत झाली 1 एप्रिल 1976 ला. त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून जाहिराती घ्यायलाही परवानगी मिळाली होती. घरात टीव्ही ठेवायचा तर रेडिओसारखा त्याचाही परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरायची. हे आजच्या मुलांना सांगितलं तर ती माझ्याकडे संशयाने बघतात.

आम्ही पेणला होतो. म्हणजे टप्प्यात, पण जेमतेम. काकाने कौलांच्या वर लोखंडी पाइप उभा करून त्यावर ॲन्टेना बसवला होता, आणि त्याची काडी न काडी वरळीकडे, म्हणजे वायव्येला रोखलेली असायची. कावळा बसला की चित्र कलायचं. वारा सुटला की पाइप स्वतःभोवती फिरायचा आणि मग एकाने वर, एकाने अंगणात आणि एकाने टीव्हीसमोर अशी साखळी लावून तो पुन्हा जागेवर आणायचा. अंगणातली व्यक्ती फक्त निरोप्या. समोरच्याने 'दिसतंय' म्हटलं की ते वर पोचेपर्यंत काकाने आणखी फिरवलेलं असायचं. कधी एकाच निवेदिकेच्या शेजारी तिचीच फिकट जुळी बहीण उभी राहायची, कारण सिग्नल थेट येतोच, शिवाय डोंगरावर आपटूनही थोडा उशिरा येतो. हे कारण मला फार पुढे, कॉलेजात कळलं. तेव्हा आम्ही दोघींनाही नमस्कार करायचो.

टप्पा छोटा असल्याचा एक मजेशीर परिणाम म्हणजे 'आमची माती आमची माणसं'. कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी, आणि मनोरा देशातल्या सगळ्यांत मोठ्या शहराच्या मध्यावर. भुरी पडलेल्या द्राक्षांवर काय फवारावं, ऊस कधी लावावा, गाभण म्हशीला काय घालावं, हे गिरगावातल्या दोन खोल्यांतून लोक रोज संध्याकाळी ऐकत बसलेले. दुसरं काही लागतच नव्हतं, हे एक कारण. पण त्यातल्या 'गप्पागोष्टी'साठी लोक खरोखर थांबायचे. राजा मयेकरांसारखा लोकनाट्यातला कसलेला नट पारावर बसल्यासारखा बोलायचा आणि खताचं प्रमाण त्या बोलण्यात कुठे शिरलं ते कळायचं नाही. मुंबईतला बराचसा मराठी कामगार तरी कुठून आला होता? सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर. गिरणीतून सुटून घरी आलेल्या माणसाला गावाकडची बोली ऐकू येत होती. शेतकऱ्यांसाठी केलेला कार्यक्रम शेत सोडून आलेल्यांनी आपला केला. सरकारी नियोजनात हे कुठे लिहिलेलं असणार?

आणि केंद्र फक्त मराठीही नव्हतं. मुंबईची वस्ती जशी मिसळलेली तसा पडदाही मिसळलेला. गुजरातीत 'आवो मारी साथे' आणि 'संताकूकडी', हिंदीत तबस्सुमचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', जो 1972 पासून वीसेक वर्षं चालला, इंग्रजीत साबिरा मर्चंट यांचा शब्दांचा खेळ. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. एकच वाहिनी असल्यामुळे शेजारच्या भाषेतलं काही न समजताही लोक पाहत बसायचे. आमची आजी 'संताकूकडी' न चुकता पाहायची आणि मग गुजराती मुलं फार गुणी असतात असं मत द्यायची.

आता मुख्य मुद्द्याकडे येते: स्टुडिओ.

त्या वेळी चित्रण व्हायचं ते दोन इंच रुंदीच्या टेपवर. एक रीळ उचलायचं तर दोन हात लागत, आणि यंत्र कपाटाएवढं. टेप महाग, परदेशातून येणारी. आणि तिचं संपादन भलतंच जिकिरीचं. आज मोबाइलवर मूल जसं व्हिडिओ कापतं, जोडतं, तसं काही नाही. त्यामुळे शहाणपण याच्यात होतं, की कार्यक्रम सुरू झाला की सलग संपवायचा. तीन कॅमेरे जमिनीवर. काचेपलीकडे पॅनलवर निर्माता, त्याच्या शेजारी कॅमेरे बदलणारा व्हिजन मिक्सर. आणि कानाला हेडफोन लावलेला फ्लोअर मॅनेजर हाताच्या खुणांनी नटांना इशारे देतोय. कुणी चुकलं तर एकतर ते तसंच निभावून न्यायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

असं न थांबता, न अडखळता वीस-पंचवीस मिनिटं कोण काम करू शकतं? सिनेमातला नट नाही. त्याला तुकड्या-तुकड्यांची सवय. ते येतं नाटकवाल्याला. आणि नाटकवाले कुठे होते? दादरला शिवाजी मंदिरात, गिरगावात साहित्य संघात, म्हणजे टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर. सत्तरचं दशक म्हणजे मराठी प्रायोगिक रंगभूमीचं भरतीचं दशक. विजया जोगळेकर-धुमाळे, विनायक चासकर, विनय आपटे ही केंद्रात निर्माते म्हणून आलेली मंडळी त्याच मातीतली. याकूब सईद आणि बबन प्रभू ही जोडी विनोदाला. 'गजरा' म्हणजे छोट्या छोट्या नाटुकल्यांची माळ, आणि ती तशी होण्यात कलात्मक निवड होतीच, पण सेट छोटा, वेळ कमी आणि चूक झालीच तर सात मिनिटंच पुन्हा करावी लागतील, हाही हिशेब असणार असं मला वाटतं. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले तेही याच पद्धतीने: दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, दोघेही रंगभूमीचे. घरातल्या एका खोलीत बरंचसं घडतं, माणसं एका दारातून येतात आणि दुसऱ्यातून जातात. आपण त्याला निरागसता म्हणतो. ते रंगमंचाचं व्याकरण होतं आणि ते कॅमेऱ्याच्या गैरसोयीने आणलेलं होतं.

शाळेत असताना आम्हाला एका मुलांच्या कार्यक्रमासाठी वरळीला नेलं होतं. मला आठवतं ते हे: बाहेर मे महिन्याचा उकाडा आणि आत दारापाशीच हुडहुडी. थंडावा माणसांसाठी नव्हता, यंत्रांसाठी होता. पण मधोमध, दिव्यांच्या खाली उभं राहिलं की घाम फुटायचा. म्हणजे दोन पावलांत दोन ऋतू. सेटवरची भिंत कॅमेऱ्याला दिसेल तिथपर्यंतच रंगवलेली. वर कच्चं लाकूड, मागे टेकू आणि वाळूच्या पिशव्या. ज्या मुलींनी हौसेने पांढरेशुभ्र फ्रॉक घातले होते त्यांना मागच्या रांगेत बसवलं, कारण त्या कॅमेऱ्यांना लख्ख पांढरा रंग सोसायचा नाही, चित्रात चेहरे काळवंडायचे. पिवळा आणि फिकट निळा चालायचा. कृष्णधवल पडद्यावर तोच पांढरा दिसायचा. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या आणि एक बाई सारखी सांगत होती, 'बाळांनो, केबलवर पाय देऊ नका.' जाड काळ्या केबली सापासारख्या पसरलेल्या. कॅमेरा सरकला की मागून एक माणूस त्या उचलून घ्यायचा, इतका मन लावून की आम्ही कार्यक्रमापेक्षा त्याच्याकडेच बघत होतो.

बातम्यांचं काम तर त्याहून घायकुतीचं. बाहेरचं चित्रण सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर. समजा दुपारी आझाद मैदानावर मोर्चा निघाला. कॅमेरामनने तो टिपायचा, फिल्मचा डबा वरळीला पोचवायचा, तिथे ती धुवायची, सुकवायची, हाताने कापून जोडायची, मग ती प्रोजेक्टरसारख्या यंत्रातून टीव्हीच्या चित्रात बदलायची आणि हे सगळं संध्याकाळच्या बातमीपत्राआधी. म्हणून दुपारी उशिरा घडलेल्या घटनेला बहुतेक वेळा चित्रच नसायचं. नुसता चेहरा आणि आवाज. आणि त्यामुळेच तो चेहरा आणि आवाज इतका महत्त्वाचा झाला. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, भक्ती बर्वे, चारुशीला पटवर्धन, प्रदीप भिडे. भिडे 1974 पासून कित्येक दशकं वाचत होते. 2022 साली ते गेले तेव्हा ज्यांनी टीव्ही पाहणं कधीच सोडलं होतं अशा लोकांनीही घरातलं माणूस गेल्यासारखं लिहिलं. समोर मजकूर सरकवणारं यंत्र नव्हतं. हातात कागद, मान खाली-वर, आणि तरीही नजर आपल्याकडे असल्याचा भास. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसायच्या, ही गोष्ट तर आता दंतकथेसारखी झाली आहे. पडद्यावर कमरेच्या वरचंच दिसायचं, तर खालच्याची चिंता कुणी करायची?

या सगळ्या जुन्या कौतुकात एक गोष्ट मी मुद्दाम घालते, कारण ती कुणी घालत नाही. कंटाळाही भरपूर होता. उद्घाटनं, फीत कापणं, मंत्र्यांची भाषणं, 'व्यत्यय' अशी पाटी आणि तिच्यामागे वाजत राहिलेली सतार. बातम्या सरकारच्या होत्या. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत तर त्यात दुसरा आवाज शोधूनही सापडला नसता. स्थानिक केंद्र म्हणजे स्वतंत्र केंद्र नव्हे. त्याला नाटक, कविता, शेती, आरोग्य, बालगीतं यांत मोकळीक होती आणि राजकारणात नव्हती. हुशार माणसं मग तिकडेच वळली. आपल्याला जो सुवर्णकाळ वाटतो त्याची एक बाजू ही आहे.

पण प्रेक्षक आणि केंद्र यांच्यात काहीतरी होतं, जे मला आज कुठे दिसत नाही. त्याचं उदाहरण म्हणजे आकाशानंद यांचा 'ज्ञानदीप'. कार्यक्रमात भपका शून्य. लोकांनी काय करावं, काय केलं, याच्याच गोष्टी. पण पत्रांचा पाऊस पडायचा, आणि पत्रं पाठवणारे नुसते थांबले नाहीत. त्यांनी गावोगावी, वस्त्यांमध्ये ज्ञानदीप मंडळं काढली. वाचनालय, साक्षरतेचे वर्ग, स्वच्छता, जे ज्याला जमेल ते. आमच्या आळीत होतं एक. त्यांनी आडाभोवती कठडा बांधला आणि त्याचा फोटो वरळीला पाठवला. तो दाखवला जाईल म्हणून पुढे कित्येक आठवडे सगळी आळी टीव्हीसमोर. दाखवला की नाही यावर आजही आमच्याकडे दोन पक्ष आहेत. पण कठडा झाला. टीव्हीने माणसाला खुर्चीत बसवलं असं आपण म्हणतो. या एका कार्यक्रमाने थोड्यांना का होईना, उठवलं होतं. हे जमलं कारण पत्र लिहिणाऱ्याला माहीत होतं की ते वाचणारा माणूस एका एसटीच्या अंतरावर बसलेला आहे. वाटलं तर जाऊन भेटता येईल. आणि लोक खरोखर जात.

मग 1982 आलं. 15 ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंग आला, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ झाले. आमच्याकडे जे पडद्यावर रंगीत प्लॅस्टिकचा कागद लावून रंगाची हौस भागवत होते, त्यांनी तो काढून टाकला. रंगाचं कौतुक इतकं, की रात्री साडेआठ-पावणेनऊनंतरची मोक्याची वेळ दिल्लीने घेतली आहे हे कुणाच्या चटकन लक्षात आलं नाही. मराठी बाहेर ढकलली गेली नाही, अलीकडे सरकली. लोक कामावरून येऊन पाय धुतात त्या वेळेत. उपग्रह आल्यावर देशभर छोटे प्रक्षेपक धडाधड उभे राहिले. 1984 साली तर काही महिने जवळजवळ दिवसाला एक या वेगाने. विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांत टीव्ही पोचला तो असा. आणि गंमत म्हणा किंवा विपर्यास म्हणा, हे प्रक्षेपक उपग्रहावरून दिल्ली उचलत. म्हणजे सुरुवातीची काही वर्षं त्या गावांना महाराष्ट्रातलाच 'गजरा' दिसला नाही, पण दिल्लीच्या हिंदी बातम्या स्वच्छ दिसल्या. माझी नवऱ्याकडची मंडळी परभणीची. मी मुंबई दूरदर्शनच्या आठवणींनी गहिवरले की ती विनम्रपणे ऐकून घेतात. त्यांच्या आठवणीच वेगळ्या आहेत. 'अख्ख्या महाराष्ट्राचं बालपण' वगैरे जे लिहिलं जातं, ते मनोऱ्याच्या टप्प्यातल्या लोकांनी लिहिलेलं असतं, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

पुढचं भराभर घडलं. मुंबईला 1985 साली दुसरी वाहिनी मिळाली. 1994 मध्ये मराठीची उपग्रह वाहिनी निघाली, तीच पुढे 'सह्याद्री' झाली. तोवर केबलवाला दारात आला होता, आणि 1999 - 2000 च्या सुमारास खासगी मराठी वाहिन्या आल्यावर नट, लेखक, तंत्रज्ञ तिकडे गेले. का जाऊ नयेत? पैसे मिळत होते. 'सह्याद्री'वर त्यानंतरही चांगलं होत राहिलं. विक्रम गोखल्यांच्या 'दुसरी बाजू'तल्या मुलाखती आजही मी शोधून पाहते. ॲन्टेनावरचं जुनं प्रक्षेपण 2021-22 पर्यंत देशात बहुतेक ठिकाणी बंद झालं. आमच्या कौलांवरचा पाइप मात्र त्याच्या कितीतरी आधी डिशच्या कामाला लागला होता.

राहता राहिली टेप. ती महाग होती हे वर आलंच आहे. म्हणून एक कार्यक्रम दाखवून झाला की त्याच रिळावर दुसरा चित्रित करायचा, ही सर्रास रीत होती. मुंबईतच नाही, जगभरातल्या टीव्ही केंद्रांत तेच चालायचं. बीबीसीनेही आपले कित्येक कार्यक्रम असेच पुसले. तेव्हा कुणाला वाटलं असणार की हे पुन्हा कुणी बघायला मागेल? त्यामुळे ज्या कृष्णधवल वर्षांबद्दल आपण सगळ्यांत जास्त बोलतो, त्यांचं चित्रण सगळ्यांत कमी उरलं आहे. आपण एकमेकांना सांगतो ती प्रहसनं खरंच तेवढी हसवणारी होती का, हे पडताळायला बरेचदा काही हातात नाही. त्यामुळे वादही रंगतात.

जे उरलं त्यातलं काही आता इंटरनेटवर पाहायला मिळतं, आणि ते टाकणाऱ्यांचे उपकार आहेत. पण मी ते पाहते तेव्हा शेवटची श्रेयनामावली बहुतेक वेळा कापलेली असते. नट ओळखू येतात, निवेदिका ओळखू येतात, निर्मात्यांची नावं कुठेतरी छापून आलेली आहेत. प्रकाशयोजना कुणाची, पॅनलवर कोण होतं, फिल्म कोण धूत होतं, कॅमेऱ्यामागून केबल उचलत कोण चाललं होतं, हे कुठेच नाही. या लोकांनी 1972 ते 82 मध्ये विशी-तिशीत नोकरी धरलेली. म्हणजे आज जे आहेत ते सत्तरी-ऐंशीच्या घरातले, कुणी बोरिवलीला, कुणी ठाण्याला, कुणी गावी परतलेले. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात दरवर्षी शेकडो मुलांना प्रकल्प करावा लागतो. दोघांनी मिळून एका निवृत्त तंत्रज्ञाकडे एक दुपार बसायचं, फोन रेकॉर्डिंगला लावायचा आणि जुने फोटो दाखवून विचारायचं, हा कोण, तो कोण. एखाद्या महाविद्यालयाने हे मनावर घेतलं तर पेणहून दोन-चार पत्ते मीही काढून देईन.